दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये बाळाचा कोपरा

मुंबईत ‘बाळाची खोली’ म्हणजे बहुतेक घरांत आईवडिलांच्याच बेडरूममधली दोन-अडीच फुटांची पट्टी. त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. पहिले किमान सहा महिने बाळानं आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते. तेव्हा वन बीएचकेवाले इथे आयतेच बरोबर ठरतात. चुकतं ते खर्चाचं. वॉलपेपर, ढगांचे स्टिकर, पडद्याला मॅचिंग चादर यात पैसे जातात आणि भिंतीतली ओल तशीच राहते. या शहरात आधी भिंत, मग हवा, मग कॉट आणि गादी, असा क्रम ठेवावा. सजावटीला उरले तर पैसे.

आधी काय, नंतर काय

बाळ येण्याआधी वस्तू आणायच्या नाहीत, असं अनेक घरांत मानतात. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी असलं तर आई-बाळ मुंबईच्या घरी येतात ते दीड-दोन महिन्यांनी. हे दोन्ही सांभाळून काम बसवता येतं. ज्याला वेळ लागतो आणि जे बाळाच्या नावानं ‘आणलेलं’ नसतं, ते आधी उरकावं: गळती, रंग, वायरिंग, खिडकीची जाळी, कपाट भिंतीला बांधणं. हे सातव्या महिन्याअखेर संपलं पाहिजे, कारण बाळ तारखेची वाट बघतंच असं नाही. कॉट आधी आणायचीच नसेल तर निदान माप, लाकूड आणि सुतार ठरवून ठेवा. एक अट मात्र पाळावी: पॉलिश केलेलं किंवा पार्टिकल बोर्डचं कुठलंही नवीन फर्निचर बाळ त्यात झोपण्याआधी दोन-तीन आठवडे उघड्या खिडकीत वाऱ्यावर राहायला हवं. बारशाच्या आदल्या दिवशी कॉटची डिलिव्हरी आली तर वास तसाच बाळाच्या नाकात.

जमिनीवर माप

खोली दहा बाय दहा म्हणजे १२० इंच. क्वीन साइझ गादी ६० इंच रुंद, पण बॉक्स बेडची चौकट धरली की ६३. बाळाची नेहमीची गादी १२० बाय ६० सेंटीमीटर, तिची कॉट बाहेरून साधारण ४९ बाय २६ इंच. बेड एका भिंतीला टेकवला आणि कॉट समोरच्या भिंतीला लावली तर मध्ये ३१ इंच उरतात. आईला पाय खाली सोडून बसायला आणि बाळाला घेऊन वळायला एवढी जागा पुरते. बेड किंग साइझ असेल तर चौकट ७५ इंच, वाट फक्त १९ इंच, त्यातून रात्री बाळाला घेऊन चालणं नको. अशा वेळी पहिल्या चार-पाच महिन्यांसाठी ९० बाय ५० सेंटीमीटरची लहान कॉट घ्यावी आणि मोठीचा विचार तोपर्यंत पुढे ढकलावा.

कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नका. वर्तमानपत्रं चिकटवून कॉटच्या मापाचा चौकोन जमिनीवर टाका आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. कपाटाचं दार उघडतं का, बाथरूमला जाताना कोपरा लागतो का, बाल्कनीचं दार अडतं का, हे आपोआप कळतं.

कॉट आणि मोठा बेड यांच्यात चार-पाच इंचांची फट कधीही ठेवू नये. बाळ त्यात घसरून अडकतं. बेडला पट्ट्यांनी घट्ट जोडता येईल अशीच बनवलेली कॉट असेल तर ती फट न ठेवता बांधावी, नाहीतर सरळ दीड फूट तरी लांब ठेवावी.

कॉट कुठे नको तेही आत्ताच ठरवा. खिडकीखाली नको, पडद्याच्या किंवा ब्लाइंडच्या दोरीजवळ नको. एसीच्या थेट झोताखाली नको, आणि एसीचं पाणी गळत असेल तर त्याच्या खालीही नको. भिंतीवरचं शेल्फ, जड फ्रेम, देव्हारा यांच्या खाली नको. बाथरूमला लागून असलेली भिंतही टाळा. तिला बहुतेक वेळा ओल असते.

ओल: इथे घाई केली तर पावसाळ्यात फेडावं लागतं

मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. कपाट सरकवून त्यामागची भिंत बघा. रंगाला फुगे, पांढरी खारट पूड, काळे ठिपके दिसले तर ओल आहे. दिसत नसेल पण कुबट वास येत असेल, तर एक सोपी तपासणी आहे. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर हवाबंद लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा जास्त आहे, आणि त्याला भिंत फोडण्याची गरज नाही.

पाणी कुठून येतंय हे डागाच्या उंचीवरून बरंचसं कळतं. जमिनीलगत, स्कर्टिंगच्या वर सहा-आठ इंचांचा पट्टा ओला असेल तर पलीकडच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप तपासा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत असेल तर चौकटीभोवतीचं सिलिकॉन गेलेलं असतं. छताला असेल तर वरच्या फ्लॅटचं बाथरूम किंवा गच्ची. भिंतीच्या मध्यावर तिरपी रेघ असेल तर बाहेरच्या प्लॅस्टरला तडा आहे आणि ते काम झुल्यावरून, म्हणजे गच्चीवरून दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून, बाहेरूनच व्हायला हवं. त्यासाठी सोसायटीला लेखी अर्ज द्या, तोही मार्चच्या आत. मे महिन्यात सगळ्या इमारतींना एकदमच झुलेवाले हवे असतात.

रंगारी हमखास सुचवतो तो उपाय म्हणजे आतून वॉटरप्रूफ पुट्टी. बाहेरून पाणी चालूच असेल तर ती पुट्टी पाणी अडवत नाही, आत कोंडते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्र्यासकट सुटते. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण कोरडी, मग पुट्टी. प्लॅस्टर नवीन केलं असेल तर वाळायला उन्हाळ्यात तीन-चार आठवडे धरा. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

काळी बुरशी कोरड्या झाडूनं झाडू नका, तिचे कण खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा आणि हे काम गरोदर बाईनं करू नये.

रंग

आतल्या भिंतींना पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा इमल्शन रंग लावा. डब्यावर ‘लो व्हीओसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे हवेत उडणारी रसायनं त्यात कमी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे, त्यामुळे आजच्या चांगल्या कंपनीच्या सीलबंद डब्याची फार काळजी नको. काळजी जुन्या रंगाची करायला हवी. दादर, गिरगाव, परळच्या जुन्या इमारतींत दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात आणि खालच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. कारागीर पॉलिश पेपर घेऊन ते कोरडंच घासायला लागतो आणि ती धूळ घरभर बसते. रंग घट्ट बसलेला असेल तर न खरवडता वरून नवा हात द्या. सुटत असेल तर पाणी मारून, ओला पेपर वापरून घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, शेवटी फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसा. तेवढे दिवस गरोदर बाईनं त्या घरात राहू नये.

रंगछटेबद्दल एवढंच: भिंत फिकट ठेवा. बाळासाठी म्हणून नव्हे, डास आणि ओलीचा नवा डाग फिकट भिंतीवर लगेच दिसतो म्हणून.

कॉट सुताराकडून की तयार?

तयार कॉट ऑनलाइन मिळतात, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातही मिळतात. ओळखीचा सुतार असेल तर बनवून घेणंही चांगलं, फक्त खालची मापं त्याच्या हातात लिहून द्या. ‘करतो मी अंदाजानं’ इथे चालत नाही.

उभ्या पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरच्या वर नको. त्याहून जास्त असेल तर बाळाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं. साडेचार ते सहाच्या मध्ये ठेवायला सांगा. दोन्ही टोकांच्या फळ्यांत नक्षीची भोकं नकोत. चार कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या वर आलेले नसावेत, त्यावर मुठी किंवा भोवऱ्यासारखे गोळे तर नकोतच, पुढे झबल्याची नाडी त्यात अडकते. तळ सरकवता येईल असा, दोन किंवा तीन उंचींचा हवा. बाळ लहान असताना तळ वरच्या उंचीवर, म्हणजे सिझेरियनच्या टाक्यांवर ताण न येता त्याला उचलता येतं. सगळ्यात खालच्या उंचीवर गादीच्या पृष्ठभागापासून कठड्यापर्यंत किमान ५० सेंटीमीटर भरले पाहिजेत. तळाला सलग प्लायवुड न लावता पट्ट्या लावा. सलग फळीवर गादीच्या खालच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हमखास बुरशी धरते.

लाकूड सागवान किंवा शिसम चांगलं. आंब्याचं स्वस्त पडतं, पण मुरवलेलं नसेल तर कीड लागते. प्लायवुड वापरायचंच तर ई-१ किंवा ई-० दर्जाचं मागा, हा आकडा प्लायच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचा वास किती कमी आहे ते सांगतो. पॉलिश पाण्यातलं घ्या. थिनरचं मेलामाइन पॉलिश दिसायला सुरेख, पण दमट हवेत त्याचा वास महिनाभर रेंगाळतो.

गादी, आणि आजीशी होणारा वाद

गादी कडक हवी. तळहातानं दाबून हात उचला, खड्डा तत्क्षणी भरून आला पाहिजे. चार-पाच इंच जाडीची दाट फोमची किंवा काथ्यावर पातळ फोम असलेली गादी चालते. गादीवाल्याकडून नवीन कापूस पिंजून घेतलेली मऊ गादी मोठ्यांना छान वाटते, पण लहान बाळाचं तोंड त्यात रुततं आणि कापसाचे गोळे झाले की ती उंचसखल होते. गादी आणि कॉटची बाजू यांच्या फटीत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. म्हणून आधी गादी घ्या आणि तिच्या मापावरून कॉट बनवा. उलट क्रमाने गेलात तर फट भरायला कुणीतरी दुपटी कोंबणार.

कॉटमध्ये बाळाशिवाय काय? गादी, त्यावर ताणून बसवलेली चादर आणि एवढंच. उशी, लोड, कठड्याला बांधायच्या गाद्या, सॉफ्ट टॉय, गोधडी यातलं काही नाही. मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात. झोपलेल्या बाळाखाली ती नको, कारण मान वाकते आणि उसवली तर मोहऱ्या तोंडात. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना रोज थोडा थोडा वेळ समोर बसून पोटावर खेळवा, आणि पाठीवर झोपवताना त्याचं डोकं कधी या टोकाला, कधी त्या टोकाला ठेवा.

झोळी आणि पाळण्याचाही असाच प्रश्न येतो. बारशाला पाळणा हवाच, त्यात वाद नाही. पण साडीच्या झोळीत बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जागेपणी, कुणीतरी समोर बसलेलं असताना झुलवा. झोप लागली की सपाट गादीवर, पाठीवर. घरात ज्येष्ठांना हे पटवायचं तर बाळाच्या डॉक्टरांकडूनच वदवून घ्यावं, सुनेनं सांगितलेलं घरात लागू पडत नाही.

पाळणा टांगायचाच असेल तर हुक आरसीसी स्लॅबमध्ये अँकर फास्टनरनं बसवा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमधून नुसता हुक काढून दिलेला असतो, त्यावर भरवसा ठेवू नका, वर तो कशाला धरलाय ते उघडून बघा. जुन्या चाळींत लाकडी तुळईला पूर्वीची कडी असते. तिच्यावर आधी पंधरा-वीस किलोची तांदळाची गोण टांगून रात्रभर ठेवा.

हवा, पंखा, डास

एसी २५ ते २७ अंशांवर. जुलैतल्या दमट दिवसांत ‘ड्राय’ मोडही उपयोगी पडतो. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. बाळाला गरम होतंय का हे हातपाय धरून न बघता मानेच्या मागे हात लावून बघा. हातपाय नेहमीच थंड लागतात.

पंख्याची पाती जमिनीपासून सात फुटांच्या वर असतातच, पण माणूस बेडवर उभा राहून बाळाला ‘उंच उंच’ करतो तेव्हा हिशेब बदलतो. बेडवर उभं राहून बाळाला उचलायचं नाही, हा नियम पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. म्हणून मच्छरदाणी रात्रीपुरती नको, दुपारच्या झोपेलाही हवी. लहान बाळाला छत्रीसारखी उघडणारी पुरते, कॉटला चारही बाजूंनी ताणून बांधलेली जास्त चांगली. लोंबती जाळी बाळाच्या हाताला लागेल अशी नको. खिडकीला बारीक जाळी लावून घ्या, आणि कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. कॉइल आणि अगरबत्ती बाळाच्या खोलीत नको. धुरीबद्दल जरा स्पष्टच: ओवा-वेखंडाची धुरी पूर्वी अंगणाच्या, कौलांच्या घरात दिली जायची. खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये निखाऱ्यांची शेगडी ठेवली की धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

कबुतरांनी एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटं केलं असेल तर ते बाळ यायच्या आधी काढा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मग उचला. नंतर तिथे जाळी. मात्र कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मुलाला पडण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी ग्रिल हवं आणि त्याच्या सळयांत चार इंचांपेक्षा कमी अंतर हवं. खिडकीजवळ बेड, खुर्ची, शू-रॅक असं चढायला काहीही नको. आत्ता बाळ पालथंही पडत नाही, पण फर्निचर वर्षभर हलवलं जात नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे.

कपाट, कपडे, डांबरगोळ्या

चेंजिंग टेबल घेऊ नका. जागा खातं आणि बाळ त्यावरून पडतं. बेडवर किंवा चटईवर मेणकापड आणि दुपटं पुरेसं. मात्र लंगोट, मेणकापड, पुसायचे कपडे, बदलायची झबली हे सगळं एका उघड्या टोपलीत, आईनं बसल्या जागेवरून हात लांबवला की मिळेल असं ठेवा. बॉक्स बेडच्या पोटात ठेवलेलं सामान पहिले दीड महिने नसल्यासारखं धरा. गादीसकट झाकण उचलणं सिझेरियननंतर शक्य नसतं.

साधारण संख्या: लंगोट २४ ते ३०, झबली ८ ते १०, दुपटी १०-१२, टोपडी ४, मेणकापडं ३, कॉटच्या चादरी ४. जन्म जून ते सप्टेंबरमधला असेल तर लंगोट आणि दुपटी दीडपट घ्या, कारण कपडा दोन दिवस वाळत नाही. लंगोट घरी करायचे तर मंगलदास मार्केटमधून मलमल घ्या. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये साधारण १९-२० इंचांचे चार चौकोन निघतात, म्हणजे २४ लंगोटांना सहा मीटर. मलमल आटते, म्हणून आधी धुवून खळ काढा, मग कापा.

ओले कपडे बाळाच्या खोलीत दोरीवर टाकू नयेत, खिडक्या बंद असतील तर मुळीच नाही. हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड लावा आणि शेवटी इस्त्री फिरवा.

बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही टाकू नका. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यातल्या नॅप्थलीननं तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. कपाटातून काढलेली जुनी दुपटी, आजीची गोधडी यांना तो वास असेल तर दोनदा धुवून कडक उन्हात टाका.

कपाट आणि ड्रॉवरचं युनिट भिंतीला एल-पट्टीनं बांधा. नव्या टॉवरमधल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र विटांच्या असतात, त्यात स्क्रू धरणारा साधा प्लास्टिकचा गिट्टा घट्ट बसत नाही, हलक्या विटांसाठीचा लांब नायलॉन गिट्टा लागतो. जुन्या इमारतींत विटांवर दीड-दोन इंच प्लॅस्टर असतं, स्क्रू त्याच्या पलीकडे विटेत गेला पाहिजे. बसवल्यावर वरचा ड्रॉवर उघडून हातानं जोरात खाली दाबा. पट्टी हलली तर पुन्हा करा. ओलीसाठी मागे दोन इंच हवा ठेवली असेल तर त्याच मापाचा लाकडी ठोकळा मध्ये घालून बांधा.

वीज आणि उजेड

बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. खालचे सॉकेट शटरवाले करा. एक्स्टेन्शन बोर्ड कॉटखाली किंवा बेडमागे कोंबू नका. रात्रीसाठी मंद पिवळा दिवा, २७०० केल्विनचा, अर्ध्या ते एक वॅटचा, गुडघ्याच्या उंचीवर. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात असे प्लगमध्येच बसणारे दिवे मिळतात. छताचा पांढरा ट्यूबलाइट लावला की बाळ जागं, आणि नंतर सगळेच जागे. रिमोटवर चालणारे दिवे घेतलेत तर त्यातल्या बटणासारख्या सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना, हे तपासा. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर

बाळ हातांवर रेटून वर उठायला लागलं की टांगलेलं खेळणं काढा. बसू लागायच्या सुमारास तळ एक पायरी खाली, धरून उभं राहायच्या आधी सगळ्यात खाली. हे काम ‘या रविवारी करू’ म्हणून राहतं, म्हणून पाना आणि उरलेले बोल्ट कॉटच्याच खालच्या पट्टीला पिशवीत बांधून ठेवा.

नातेवाइकांची जुनी कॉट मिळाली तर आनंदानं घ्या, पण आधी पट्ट्यांचं अंतर मोजा आणि एकेक बोल्ट हलवून बघा. एक बाजू वरखाली सरकणारी असेल तर ती बाजू सुताराकडून कायमची पक्की करून घ्या. सरकणाऱ्या बाजूच्या कॉट विकायला अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, कारण खटका सैल झाला की फट पडते आणि बाळ तिच्यात अडकतं. रंगाचे पापुद्रे सुटलेले असतील किंवा हरवलेल्या बोल्टच्या जागी खिळे ठोकलेले असतील, तर ती कॉट पोटमाळ्यावरच राहू द्या.